आवाज कुणाचा?

लिव्हरपूलच्या लाइम स्ट्रीट स्थानकापासून ॲनफिल्ड तीनेक किलोमीटरवर आहे. बस शहराचा मध्यभाग सोडून चढाला लागते आणि थोड्याच वेळात एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या विटांच्या दुमजली घरांच्या रांगा सुरू होतात. कोपऱ्यावर पब, चिप्सचं दुकान, पुन्हा घरं. आणि त्या घरांमधूनच, कसलाही थाटमाट न करता, लिव्हरपूल फुटबॉल क्लबचं स्टेडियम डोकं वर काढतं. वॉल्टन ब्रेक रोडवरून दिसते ती ‘कॉप’ या स्टँडची पाठ. तिच्यासमोर संघाचे एकेकाळचे व्यवस्थापक बिल शँक्ली यांचा पुतळा आहे, गळ्यात स्कार्फ, दोन्ही हात पसरलेले. वास्तू म्हणून पाहायला गेलं तर शेजारचा मेन स्टँड कितीतरी भारदस्त. २०१६ साली त्याच्यावर नवा मोठा मजला चढला आणि तो आता आसपासच्या गल्ल्यांवर सावली धरून उभा असतो. कॉप त्यामानाने साधा: एकच सलग उतार, वर छप्पर, आत लाल खुर्च्या. तरीही इथे येणारा माणूस, मग तो पलीकडच्या गल्लीतला असो की पुण्याहून आलेला, आधी विचारतो तो कॉपचाच रस्ता. शँक्ली १९८१ साली गेले तेव्हा त्यांची राख पसरली तीही मैदानाच्या कॉपकडच्या टोकाला. एका प्रेक्षागॅलरीवर माणसांनी इतका जीव का लावावा, हा प्रश्न मला ॲनफिल्डच्या कुठल्याही चषकापेक्षा जास्त कुतूहलाचा वाटतो. ‘तिथला आवाज’ हे त्याचं ठरलेलं उत्तर मला अपुरं वाटतं. माझं म्हणणं असं, की लोकांना कॉप प्रिय आहे तो तिथला आवाज मोठा आहे म्हणून नव्हे. तो आवाज क्लबच्या मालकीचा नाही म्हणून. तो प्रसंगी मालकांवर उलटतो, प्रतिस्पर्ध्याला दाद देतो आणि मनात आणलं तर बंदही होतो.

आधी वास्तूचा हिशेब संपवू, कारण प्रेम जर विटा-सिमेंटवर असतं तर ते कधीच आटलं असतं. या मैदानावर पहिल्यांदा खेळणारे लिव्हरपूलचे नव्हेतच. १८८४ पासून इथे एव्हर्टन खेळत होता. जमिनीच्या भाड्यावरून जागामालक जॉन हौल्डिंग यांच्याशी बिनसलं, एव्हर्टन १८९२ मध्ये स्टॅन्ली पार्कच्या पलीकडे गुडिसन पार्कवर गेला आणि रिकाम्या मैदानासाठी हौल्डिंगनी नवा संघ उभा केला, तो लिव्हरपूल. १९०६ मध्ये संघाने दुसऱ्यांदा लीग जिंकली आणि एका गोलपोस्टमागे मातीचा मोठा भराव घालून उभं राहायची सोय करण्यात आली. १९२८ मध्ये त्याचा विस्तार झाला, वर छप्पर आलं आणि तिथे ३०,००० च्या आसपास माणसं मावू लागली. १९९४ मध्ये ते सगळं पाडून खुर्च्यांचा नवा कॉप बांधला गेला. त्यात आज सुमारे १२,५०० जण बसतात. भराव गेला, पायऱ्या गेल्या, छप्पर गेलं, निम्म्याहून जास्त माणसं गेली. नाव तेवढं राहिलं. आणि हे नावसुद्धा क्लबच्या कार्यालयात ठरलेलं नाही. अर्नेस्ट एडवर्ड्स या स्थानिक क्रीडा संपादकाने ते सुचवलं आणि लोकांनी उचललं. जानेवारी १९०० मध्ये नाताळ प्रांतात लेडीस्मिथजवळच्या स्पायन कॉप नावाच्या टेकडीवर बोअर सैन्याने इंग्रजांना पिटाळलं. त्या लढाईत लँकेशायरच्या पलटणींतले, म्हणजे याच भागातल्या घरांमधले, पुष्कळ सैनिक मारले गेले. त्या टेकडीवरून जखमींना वाहून आणणाऱ्यांत मोहनदास गांधींनी उभारलेलं नाताळमधल्या भारतीयांचं शुश्रूषा पथकही होतं, ही गोष्ट ॲनफिल्डच्या लाल भिंतीसमोर उभ्या असलेल्या मराठी माणसाला आठवल्याशिवाय राहत नाही. इंग्लंडमध्ये आणखीही कितीतरी मैदानांवर कॉप आहेत. वूलिचच्या आर्सेनलने तर हे नाव लिव्हरपूलच्याही आधी वापरलं होतं. म्हणजे नावावरही एकट्याचा हक्क नाही.

कॉपच्या कोपऱ्यावर एक उंच झेंड्याची काठी आहे, तिच्याकडे फार कुणी बघत नाही. ती ब्रुनेलच्या ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजाच्या डोलकाठीचा तुकडा आहे. जहाज मर्सी नदीकाठी मोडीत निघालं तेव्हा तो इथे आणून रोवला. याच जहाजाने १८७० साली मुंबईपासून एडनपर्यंत समुद्राच्या तळाशी तारायंत्राची केबल टाकली होती. लिव्हरपूलचे सामने मध्यरात्रीनंतर जागून पाहणाऱ्या मुंबईकरांनी या काठीला एक नमस्कार करायला हरकत नाही.

आता आवाजाकडे. १९६० च्या आधी इंग्लंडच्या मैदानांवर लोक ओरडत, हुर्यो करत, टाळ्या पिटत. पण तासभर सुरात गाणं ही गोष्ट कॉपवर घडली ती साठच्या दशकात, बीटल्सच्या गावात. बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ने १९६४ मध्ये लीग जिंकण्याच्या दिवशी कॉपचं चित्रण केलं, ते आजही पाहता येतं: गर्दी समुद्रासारखी पुढे-मागे हलते आहे, आणि हजारो पुरुष रेडिओवरची प्रेमगीतं एका दमात म्हणत आहेत. ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ हे मूळचं १९४५ च्या एका अमेरिकी संगीतिकेतलं गाणं. लिव्हरपूलच्याच ‘जेरी अँड द पेसमेकर्स’ने ते १९६३ मध्ये गायलं आणि कॉपने ते ठेवून घेतलं. हे इथेच का झालं, याला कारणं आहेत आणि ती गूढ नाहीत. तिकीट स्वस्त होतं, म्हणून गोदीतला कामगार आणि त्याचा मुलगा दर पंधरवड्याला येऊ शकत. जागांना क्रमांक नव्हते, म्हणून ज्याला ज्यांच्यासोबत उभं राहायचं तो तिथे उभा राही आणि वर्षानुवर्षं तिथेच राही. छप्पर आवाज परत खाली फेकी. आणि कुणी म्होरक्या नव्हता: दिंडीत कुणीतरी अभंगाचं पहिलं चरण उचलतो आणि बाकीचे धरतात, तसं गाणं मधल्या घोळक्यातून सुरू होई आणि कडांपर्यंत पोचे, किंवा न पोचताच विरून जाई. चाललं नाही तर विरणार, ही अट महत्त्वाची आहे. क्लबच्या भोंग्यावरून वाजणाऱ्या संगीताला ती लागू नसते. कॉपवर कुठलं गाणं जगेल हे तिथे उभी असलेली माणसं प्रत्येक शनिवारी नव्याने ठरवत होती, आणि स्वतःचं मत असलेली गर्दी ही नुसत्या गर्दीपेक्षा वेगळी चीज असते.

या मताचा पुरावा मला विजयांत कमी आणि पराभवांत जास्त दिसतो. २८ एप्रिल १९६९ ला लीड्सने ॲनफिल्डवर गोलशून्य बरोबरी करून लिव्हरपूलच्या नाकावर टिच्चून लीग जिंकली. लीड्सचे व्यवस्थापक डॉन रेव्हींनी आपल्या खेळाडूंना कॉपकडे धाडलं आणि कॉपने त्यांना विजेते म्हणून डोक्यावर घेतलं. वीस वर्षांनी, २६ मे १९८९ च्या रात्री, आर्सेनलला विजेतेपदासाठी दोन गोलांनी जिंकणं भाग होतं. मायकेल थॉमसने भरपाईच्या वेळेत दुसरा गोल केला, लिव्हरपूलच्या हातातली लीग गेली, आणि कॉप घरी न जाता आर्सेनलला टाळ्या देत थांबला. पाहुण्या संघाचा गोलरक्षक कॉपकडच्या गोलपोस्टशी आला की त्याचं टाळ्यांनी स्वागत करायची रीतही जुनीच. संघाला जिंकवणं हेच ज्या आवाजाचं काम असतं, त्याला यातलं काहीही करायची गरज नव्हती. हा आवाज संघाच्या बाजूचा आहे, पण संघाचा नोकर नाही.

आणि १९८९ चा तो मे महिना काय होता हेही लक्षात घ्यायला हवं. सहा आठवड्यांपूर्वी, १५ एप्रिलला, शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर एफए कपच्या उपांत्य सामन्यात लिव्हरपूलचे चाहते चेंगरले गेले; मृतांची संख्या आज ९७ मोजली जाते. त्या आठवड्यात लोक ॲनफिल्डवर आले ते फुलं, स्कार्फ, टोप्या घेऊन. कॉपच्या पायऱ्या भरल्या, मग फुलं मैदानात उतरली आणि मध्यरेषेच्या दिशेने पसरत गेली. शहराने आपलं दुःख चर्चमध्ये नेलंच, पण आधी नेलं ते इथे. पुढची सत्तावीस वर्षं, म्हणजे २०१६ मध्ये चौकशीच्या ज्यूरीने हे मृत्यू बेकायदेशीर हत्या ठरवेपर्यंत, दोष चाहत्यांच्या दारूवर आणि बेशिस्तीवर ढकलायचे प्रयत्न होत राहिले. घटनेनंतर चारच दिवसांनी ‘द सन’ने ‘सत्य’ अशा मथळ्याखाली चाहत्यांवर खोटे आरोप छापले. जानेवारी २००७ मध्ये आर्सेनलविरुद्धचा कपचा सामना बीबीसी देशभर दाखवत होती, आणि त्या वृत्तपत्राच्या १९८९ मधल्या संपादकाला बीबीसीने नुकतंच कामावर बोलावलं होतं. कॉपने रंगीत कार्डं उंचावून तेच दोन शब्द, ‘द ट्रूथ’, अख्ख्या स्टँडभर लिहिले आणि सहा मिनिटं न्यायाची मागणी करत घोषणा दिल्या. सहा मिनिटं का, तर हिल्सबरोवरचा तो सामना सहा मिनिटांनी थांबवला होता म्हणून. मैदानावर खेळ चालू होता, आणि साडेबारा हजार माणसं खेळाशी काहीही संबंध नसलेली गोष्ट बोलत होती. देशाला ऐकवायची तर हीच जागा आपल्या हाताशी आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. माझ्या मते कॉप म्हणजे काय याचं सर्वांत नेमकं उत्तर त्या सहा मिनिटांत आहे, २००५ च्या चेल्सीविरुद्धच्या किंवा २०१९ च्या बार्सिलोनाविरुद्धच्या त्या गाजलेल्या रात्रींत नव्हे.

यावर पहिला आक्षेप व्यवहारी माणूस घेईल: इतकं कशाला ताणता? आवाजाने सामने जिंकता येतात, आणि माणसाला जिंकवणारी गोष्ट आवडते. आक्षेपात दम आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका इंग्रजी अभ्यासात ४० पंचांना लिव्हरपूल-लेस्टर सामन्यातल्या ४७ झटापटी दाखवल्या, काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना मुक्याने. आवाज ऐकणाऱ्या पंचांनी यजमानांविरुद्ध १५.५ टक्के कमी फाउल दिले. सामना ॲनफिल्डवरचाच होता. पुढे करोनाने तर निसर्गानेच प्रयोग मांडावा तशी मैदानं रिकामी केली, आणि बंद दारांआडच्या सामन्यांवरच्या अभ्यासांत पाहुण्या संघांना मिळणारी पिवळी कार्डं घटलेली आढळली. लिव्हरपूल घरच्या मैदानावर लीगचे सलग ६८ सामने हरला नव्हता. जानेवारी २०२१ मध्ये रिकाम्या ॲनफिल्डवर बर्नलीने ती मालिका मोडली आणि तो सामना धरून लिव्हरपूल तिथे लीगचे ओळीने सहा सामने हरला. हे सहा पराभव कॉपच्या खात्यावर टाकायचा मोह होतो, पण व्हॅन डाइकसह मध्यवर्ती बचावपटू जखमी होते, हेही खरं. शिवाय उलट दाखला जर्मनीत आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये बोरुसिया डॉर्टमुंडला शिक्षा म्हणून आपला सुमारे २५,००० जणांचा दक्षिण स्टँड एका सामन्यापुरता रिकामा ठेवावा लागला. डॉर्टमुंडने वोल्फ्सबुर्गला ३-० ने हरवलं. आवाज पंचाला किंचित झुकवतो हे मान्य. पण तेवढ्या उपयोगासाठी कुणी आपली राख गोलपोस्टमागे पसरा म्हणून सांगून ठेवत नाही. उपयोग संपला तरी टिकतं ते प्रेम कशामुळे, हे या आकड्यांतून कळत नाही.

ते कळायला डॉर्टमुंडलाच जायला हवं. रूहर खोऱ्यातलं हे कोळशा-पोलादाचं गाव. भट्ट्या विझल्या, स्टेडियम राहिलं. गावातल्या रुंद महामार्गावरून त्याचे पिवळे खांब लांबूनच दिसतात. आत दक्षिण टोकाला ‘झ्यूडट्रिब्यूने’ उभी आहे: २४,००० हून अधिक माणसं, एकाच उतारावर, सगळी उभी. रिकामी असताना ती धान्याच्या गोदामाइतकीच रुक्ष दिसते, राखाडी पायऱ्या आणि लोखंडी कठडे. लिव्हरपूलने १९९४ मध्ये जे गमावलं ते इथे आहे: पायऱ्यांवर उभं राहण्याच्या जागेचा हंगामी पास, तोही इंग्लंडच्या मानाने अगदी स्वस्तात. यामागे जर्मन फुटबॉलचा ‘५०+१’ हा नियम आहे; मोजके अपवाद सोडले तर मतांचं बहुमत सभासदांच्या संस्थेकडेच ठेवावं लागतं, गुंतवणूकदार कितीही मोठा असो. इथे गाणी एक म्होरक्या चालवतो, मैदानाकडे पाठ करून, हातात कर्णा घेऊन. मला व्यक्तिशः कॉपची बिनम्होरक्याची तऱ्हा जास्त भावते. पण २०१२ च्या हिवाळ्यात या शिस्तीचा उपयोग काय होतो ते दिसलं. स्टेडियमच्या सुरक्षेसाठी लीगने कडक नियमांचा आराखडा आणला, तेव्हा जर्मनीभरच्या चाहत्यांनी सामन्याची पहिली १२ मिनिटं आणि १२ सेकंद तोंडातून ब्र न काढायचं ठरवलं, कारण मतदान १२ डिसेंबरला होतं. मोठमोठ्या स्टेडियममध्ये फक्त चेंडूला बसणाऱ्या लाथांचा आवाज. ठराव मंजूर झालाच. पण आपण दूरचित्रवाणीवर काय विकतो हे लीगला त्या दिवसांत कानांनी कळलं, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये मैदानात टेनिसच्या चेंडूंचा पाऊस पाडून चाहत्यांनी गुंतवणूकदाराशी होऊ घातलेला करार लीगला गुंडाळायला लावला. आणि गप्प बसणं निषेधापुरतंच नसतं: मार्च २०१६ मध्ये डॉर्टमुंडला माइन्झविरुद्धच्या सामन्यात प्रेक्षकांतल्या एकाचा हृदयविकाराने मृत्यू झाला. मध्यंतरात बातमी पसरली, झेंडे खाली आले, आणि डॉर्टमुंड जिंकत असतानाही दुसऱ्या अर्ध्यात जवळजवळ शेवटपर्यंत तिथे कुणी गायलं नाही. जो स्टँड असं गप्प बसू शकतो त्याचाच आरडाओरडा खरा मानावा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो मी झटकून टाकणार नाही. या उभ्या पायऱ्यांचे गोडवे गाणारं चित्र पुरुषी आहे, धोक्याचं आहे आणि पुष्कळदा ओंगळ आहे. जुन्या कॉपवर बाया फार थोड्या. गर्दीत स्वच्छतागृहापर्यंत पोचणं अशक्य, म्हणून लोक जागीच मोकळे होत. बेशुद्ध पडलेल्यांना डोक्यांवरून खाली सरकवावं लागे. डॉर्टमुंडचा स्टँड बंद झाला तोही उगाच नव्हे: लाइपझिगच्या पाहुण्या चाहत्यांवर, त्यांत बायका-मुलं होती, दगड-बाटल्या फेकल्या गेल्या आणि स्टँडवर किळसवाणे फलक झळकले. स्वतःचा आवाज असलेला जमाव स्वतःचं विषही ओकू शकतो. पण यावरून उभं राहणंच वाईट, असा जो निष्कर्ष १९९० नंतर इंग्लंडमध्ये रूढ झाला, तो पुराव्याला धरून नव्हता. हिल्सबरोची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती टेलर यांच्या अहवालाने सर्वांना खुर्च्या द्यायची शिफारस केली हे खरं. पण दुर्घटनेचं मुख्य कारण पोलिसांचं नियंत्रण सुटणं हे आहे आणि उभं राहणं मुळातच असुरक्षित नाही, हेही त्याच अहवालात आहे. माणसं मेली ती पिंजऱ्यासारख्या कुंपणांत कोंडल्यामुळे. ३० एप्रिल १९९४ ला उभ्या कॉपचा शेवटचा सामना झाला, नॉर्विचच्या जेरेमी गॉसने एकमेव गोल केला आणि लिव्हरपूल हरला. त्यानंतर खुर्च्या आल्या, आणि खुर्च्यांबरोबर दर आले. टेलर यांनी खुर्चीचं तिकीट सामान्यांच्या आवाक्यात राहील असं गृहीत धरलं होतं. बाजाराने ते धरलं नाही. कॉपवरची गर्दी सभ्य झाली हे बरंच झालं, पण तिथला पोरगा हद्दपार झाला तो सभ्यतेमुळे नव्हे, किमतीमुळे. या दोन गोष्टींची गल्लत इंग्रज वर्तमानपत्रं तीस वर्षं करत आली आहेत. आता कठडा लावलेल्या खुर्च्या बसवून सुरक्षितपणे उभं राहायला इंग्लंडने २०२२ पासून पुन्हा वाट दिली आहे. हिल्सबरोत माणसं गमावलेल्या काही कुटुंबांना ते आजही रुचलेलं नाही, आणि त्यांच्याशी वाद घालायचा अधिकार मला तरी नाही.

राहिला तिसरा आक्षेप, तो कुणीही प्रवासी ॲनफिल्डच्या दुकानात शिरताच स्वतःशीच घेईल: हे प्रेम आता विक्रीला आहे. कॉपचं नाव मगवर आहे, टी-शर्टवर आहे; सामना नसलेल्या दिवशी पैसे भरून कॉपवर बसून फोटो काढता येतो; सामन्याच्या दिवशी कॉपवर ओस्लो, बँकॉक आणि मुंबईचे पाहुणे असतात, आणि गाणं सुरू झालं की त्यांचे फोन वर जातात. सगळं खरं. मीही त्या पाहुण्यांतलाच. पण मालक नाव विकू शकतात, आवाज विकू शकत नाहीत, हे गेल्या काही वर्षांत चारचौघांत सिद्ध झालं आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये मालकांनी नव्या मेन स्टँडचं सर्वांत महाग तिकीट ७७ पौंड ठरवलं. सहा तारखेला संडरलंडविरुद्ध संघ २-० ने पुढे असताना ७७ व्या मिनिटाला हजारो लोक उठले आणि चालू लागले. सामना २-२ असा सुटला. चारच दिवसांत मालकांनी माफी मागून दर मागे घेतला आणि कमाल तिकीट ५९ पौंडांवर ठेवलं. महाग तिकीट दुसऱ्याच स्टँडचं होतं, तरी उठणाऱ्यांत कॉप होता, ही बाब मला विसरता येत नाही. एप्रिल २०२१ मध्ये युरोपातल्या बड्या क्लबांच्या वेगळ्या सुपर लीगची घोषणा झाली तेव्हा तर कॉप रिकामाच होता, करोनामुळे. फक्त चाहत्यांनी टांगलेले झेंडे तिथे होते. ‘स्पायन कॉप १९०६’ या चाहत्यांच्या गटाने ते उतरवायचं जाहीर केलं. माणूस नाही, आवाज नाही, कापडं तेवढी काढली, आणि तेवढ्यानेही मालकांना जे लागायचं ते लागलं. दोन दिवसांत तीत सामील झालेले इंग्लंडचे सहाही क्लब माघारी फिरले, अर्थात त्यात इतर चाहत्यांचा आणि सरकारचा वाटाही मोठा. एप्रिल २०२४ मध्ये दोन टक्के दरवाढीच्या निषेधार्थ अटालांटाविरुद्धच्या सामन्याला कॉपवर झेंडे लागले नाहीत. लिव्हरपूल ०-३ हरला. त्याला कारणं अनेक होती, पण संघ हरला तरी चालेल इतकी ती मागणी त्यांना महत्त्वाची वाटली होती. ग्राहकाला दर पटला नाही तर तो दुसऱ्या दुकानात जातो. इथे कुणी एव्हर्टनकडे गेलं नाही. लोक तिथेच राहून भांडले, कारण ते दुकान नाही अशी त्यांची समजूत आहे, आणि ती समजूत खरी ठरवायची ताकद त्यांच्याकडे अधूनमधून तरी असते.

वानखेडेच्या नॉर्थ स्टँडवर जीव टाकणाऱ्या मुंबईकराला हे सगळं ओळखीचंही वाटेल आणि परकंही. आवाज तिथे कमी नाही. पण मुंबईत कसोटी किंवा एकदिवसीय सामना वर्षाकाठी एखादा, आणि तिकिटांचा मोठा हिस्सा क्लबांना आणि सभासदांना आधीच गेलेला. २०११ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला सुमारे ३३,००० खुर्च्यांच्या स्टेडियममधली जेमतेम ४,००० तिकिटं सर्वसामान्यांना विकायला ठेवली होती. दर पंधरवड्याला तीच माणसं त्याच जागी जमल्याशिवाय स्टँडला स्वतःचं मत येत नाही, मग तिथे भक्ती असते पण भांडण नसतं. आपल्याकडे या बाबतीत कॉपच्या अधिक जवळ आहे ते कोल्हापूर. शाहू स्टेडियमवर तालमींचे संघ खेळतात, पेठा आपापल्या जागी बसतात, आणि संघ चुकला तर त्याला ऐकवायचा हक्क पेठेला आहे याबद्दल कुणालाच शंका नसते.

इंग्लंडमध्ये आता हा आवाज आधीच नकाशावर काढायची धडपड चालू आहे. टॉटनहॅमने २०१९ मध्ये नवं स्टेडियम उघडलं, त्यात दक्षिणेला १७,५०० खुर्च्यांचा एकसंध चढ बांधला, डॉर्टमुंड डोळ्यांसमोर ठेवून. एव्हर्टनच्या पुरुष संघाने मे २०२५ मध्ये गुडिसन पार्क सोडलं; तिथला त्यांचा बोलका स्टँड ग्लॅडिस स्ट्रीट. आता ते मर्सीकाठच्या ब्रॅमली-मूर गोदीवर खेळतात आणि तिथेही एका टोकाला हजारोंचा उभा चढ आहे. उताराचा कोन, छपराची उंची, पहिली रांग रेषेपासून किती दूर, हे सगळं शास्त्रशुद्ध आहे आणि त्याचा फायदाही होईल. १९२८ च्या छपरानेही झालाच होता. गोदीजवळचं ते स्टेडियम ॲनफिल्डपेक्षा देखणं आहे, नदीचा वारा आत येतो, आणि लिव्हरपूलला जाणाऱ्याने दोन्ही पाहावीत. पण तो स्टँड त्याच्या लोकांचा झाला की नाही, हे पहिल्या डर्बीतल्या गलक्यावरून मी ठरवणार नाही. पहिली दरवाढ येईल तेव्हा तिथली माणसं काय करतात ते बघेन.